एका शब्दाचा गुन्हा

‘अक्सीर’ हा शब्द मराठीत आता घरचाच झाला आहे. खोकल्यावर अडुळसा अक्सीर, पोटदुखीवर ओवा अक्सीर, असं आपण सहज बोलून जातो. हमखास गुण देतं ते अक्सीर. मूळ शब्द अरबी, ‘इक्सीर’. त्याला ‘अल्’ हे उपपद लागलं की ‘अल्-इक्सीर’. ज्याच्या नुसत्या स्पर्शानं तांब्याचं सोनं होईल असा पदार्थ जुने किमयागार शोधत होते, त्या पदार्थाचं हे नाव. पुढं हाच शब्द लॅटिनच्या वाटेनं युरोपात गेला आणि इंग्रजीत ‘एलिक्झिर’ झाला. म्हणजे आपल्या आजीच्या तोंडचं ‘अक्सीर’ आणि परदेशी बाटलीवरचं ‘एलिक्झिर’ ही एकाच घरातली भावंडं.

याच्याही मागं गेलं तर भाषेचे अभ्यासक एक गमतीची गोष्ट सांगतात. अरबांनी हा शब्द ग्रीकांकडून घेतला असावा, आणि ग्रीक भाषेत त्या मूळ शब्दाचा अर्थ होता जखमेवर भुरभुरायची कोरडी पूड. कोरड्या पुडीचं नाव फिरत फिरत गोड, पातळ औषधाला जाऊन चिकटलं. हे ध्यानात ठेवा. कारण आज जी हकिकत सांगणार आहे, ती एका कोरड्या औषधाला पातळ करण्याच्या खटपटीतून घडली. त्या खटपटीत शंभरावर माणसं गेली. आणि कायद्याला बोट ठेवता आलं ते फक्त ‘एलिक्झिर’ या एका शब्दावर.

मी कवितेचा माणूस. बी.ए.ला मराठी घेतलं तेव्हाच रसायनशास्त्राशी फारकत झाली. पण शब्दांच्या मागं लागलं की ते कुठं घेऊन जातील याचा नेम नसतो. आमच्या घरात दखनी बोलतात, अंगणाबाहेर मराठी. त्यामुळं दवा, इलाज, हकीम, सरबत हे शब्द माझ्या कानांवर दोन्हीकडून पडत आले. ‘सरबत’ घ्या. अरबीत ‘पिणे’ या अर्थाचा जो धातू आहे, त्यातून ‘शरबत’ निघालं, ‘शराब’ निघाली आणि युरोपात जाऊन ‘सिरप’ही निघालं. खोकल्याचं सिरप आणि लिंबाचं सरबत यांची आई एकच.

या सिरपवर नजर ठेवण्याची गरजही जुनीच आहे. बाराव्या शतकात सीरियातल्या अल्-शैझरी नावाच्या लेखकानं बाजाराची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी, म्हणजे मुहतसिबासाठी, एक मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. त्यात भटारी, खाटीक यांच्याबरोबर औषधी सरबतं करणाऱ्यांवर आणि अत्तारांवरही प्रकरणं आहेत. अत्तार म्हणजे सुगंधी द्रव्यं आणि जडीबुटी विकणारा. कशात काय मिसळतात आणि ते ओळखायचं कसं, हेही त्यात सांगितलं आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला एक गोष्ट नीट उमगली होती. भाजी आपण दाबून पाहू शकतो, कापड चोळून पाहू शकतो. औषध मात्र रोग्याला तपासता येत नाही. त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणीतरी ते तपासावं लागतं. आजच्या साऱ्या हकिकतीचं सार एवढंच आहे.

पूर्वी औषध म्हणजे अख्खी वनस्पती होती. साल, मूळ, पान. एका झाडाची साल जोरकस निघे, शेजारच्या झाडाची पुचाट. मग मात्रा ठरवायची कशी? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रीडरिश झेर्ट्युर्नर या तरुण जर्मन औषधविक्रेत्यानं अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं. १८२० मध्ये पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हांतू या दोघांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढलं. आपल्या पणजोबांच्या पिढीला हिवतापावर ‘कोयनेल’ मिळे, ते हेच. सालीतल्या असंख्य पदार्थांपैकी काम नेमकं कोण करतं, हे आता कळू लागलं. त्या काम करणाऱ्या पदार्थाला सक्रिय घटक म्हणतात. तो वेगळा करता येतो, तोलता येतो, म्हणून त्याची मात्रा ठरवता येते. बाकी साखर, रंग, स्वाद, गोळी बांधायचा स्टार्च, विरघळवायचा द्रव हे सगळं वऱ्हाड. नवरदेव एकच. लग्नात सगळ्यांचं लक्ष नवरदेवाकडं असतं, तसं वैद्यकाचंही लक्ष सक्रिय घटकाकडं असे. आपल्या गोष्टीत घात झाला तो वऱ्हाडातून.

गोष्ट सुरू होते जर्मनीत. पेनिसिलिन दवाखान्यांत येण्याआधीचे हे दिवस. साधी सुई टोचली, जखम चिघळली, विष रक्तात भिनलं की माणूस हातचा जाई. बाळंतिणी जात, सैनिक जात. गेरहार्ड डोमाक हे बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत कापड रंगवायच्या रंगांमध्ये जंतुनाशक गुण शोधत होते. त्यांना एक तांबडा रंग सापडला, प्रोंटोसिल. १९३५ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्यांच्या लहान मुलीच्या हाताला सुई लागून जखम चिघळली आणि बापानं आपलंच औषध देऊन तिला वाचवलं.

पण या तांबड्या औषधात एक कोडं होतं. काचेच्या नळीत ते जंतूंना काहीच करत नसे, शरीरात गेलं की मात्र काम करी. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी १९३५ मध्येच ते सोडवलं. शरीरात त्या तांबड्या रेणूचे दोन तुकडे होतात आणि त्यातला एक बिनरंगी तुकडा खरं काम करतो. त्याचं नाव सल्फानिलामाइड. तांबडा रंग नुसता देखावा. आणखी गंमत म्हणजे हा बिनरंगी पदार्थ पॉल गेल्मो या विद्यार्थ्यानं व्हिएन्नात १९०८ मध्येच तयार केला होता. त्याच्यावर आता कुणाची मालकी उरली नव्हती. कुणीही बनवावा, कुणीही विकावा. १९३६ च्या अखेरीस अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या मुलाचा जीव प्रोंटोसिलमुळं वाचल्याची बातमी सगळीकडं छापून आली आणि सल्फाच्या गोळ्यांना, पुड्यांना उधाण आलं. औषध खरोखरच गुणी होतं. त्यानं अगणित जीव वाचवले, हेही इथंच सांगून ठेवायला हवं.

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टल गावी मॅसेनगिल नावाची कंपनी होती. १९३७ च्या उन्हाळ्यात तिच्या विक्रेत्यानं कळवलं, दक्षिणेकडच्या राज्यांत लोकांना हे औषध पातळ स्वरूपात हवं आहे. मागणी समजण्यासारखी होती. लहान पोराला गोळी गिळवायची म्हणजे काय, हे ज्या घरात मूल आहे त्याला सांगायला नको. अडचण अशी होती की सल्फानिलामाइड पाण्यात धड विरघळत नाही. कंपनीचे मुख्य रसायनतज्ज्ञ हॅरॉल्ड वॉटकिन्स यांनी वेगवेगळे द्रव वापरून पाहिले. एकात ते छान विरघळलं. त्या द्रवाचं नाव डायएथिलीन ग्लायकॉल. बिनरंगी, जरासा दाट, चवीला गोड. कारखान्यांत वापरायचं रसायन ते. आज ते गाड्यांच्या ब्रेक ऑइलमध्येही असतं.

वॉटकिन्स यांनी त्यात रास्पबेरीचा स्वाद घातला. कंपनीच्या प्रयोगशाळेनं मिश्रण तपासलं. रंग तपासला, वास तपासला, चव तपासली. तिन्ही उत्तम. विषारी आहे का, हे तेवढं तपासलं नाही, कारण तसं तपासा असं सांगणारा कायदाच नव्हता. एखाद्या उंदराला पाजून पाहिलं असतं तरी कळलं असतं. २४० गॅलन औषध तयार झालं आणि सप्टेंबरमध्ये बाटल्या देशभर रवाना झाल्या. नाव ठेवलं ‘एलिक्झिर सल्फानिलामाइड’.

ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातले डॉक्टर बुचकळ्यात पडले. घसा दुखतो म्हणून आलेली मुलं घरी जात आणि काही दिवसांत त्यांची लघवी बंद होई. पोटात असह्य कळा, उलट्या, मग गुंगी, मग शेवट. डायएथिलीन ग्लायकॉल मूत्रपिंड निकामी करतं. आणि ते लगेच होत नाही, दोन-चार दिवस जातात. या दिवसांत आई आपल्या हातानं चमचा भरत राहते. टल्सामधल्या एका आईनं अध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहून आपल्या लहान मुलीचं मरण कळवलं आणि असली औषधं विकू देऊ नका, अशी विनवणी केली. ते पत्र अमेरिकेच्या सरकारी दप्तरात आजही आहे.

खबर लागताच तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं आपले जवळपास सगळे, म्हणजे २३९ निरीक्षक आणि रसायनतज्ज्ञ बाटल्यांच्या मागं लावले. कंपनीनं आधीच तारा पाठवल्या होत्या, माल परत करा म्हणून. पण का परत करा ते तारेत नव्हतं. जिवाला धोका आहे हे शब्द दुसऱ्या तारेत आले, तेही सरकारनं भाग पाडल्यावर. निरीक्षकांनी दुकानांच्या वह्या चाळल्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जुळवल्या, घराघरांत जाऊन अर्ध्या-मुर्ध्या बाटल्या गोळा केल्या. टेक्सासमधला एक विक्रेता माल कुणाला दिला ते सांगेना; तुरुंगात टाकल्यावर बोलला. २४० पैकी २३४ गॅलनांहून थोडं अधिक औषध परत मिळालं.

म्हणजे लोकांच्या पोटात गेलं ते जेमतेम सहा गॅलन. आपल्या हिशेबात २२-२३ लिटर. लग्नाच्या मांडवात पाण्याचा जार ठेवतात, साधारण तेवढं. तेवढ्यात पंधरा राज्यांमधली शंभराहून अधिक माणसं मेली. त्यांत चौतीस मुलं होती.

आता तो शब्द. १९०६ च्या तिथल्या कायद्यात विषारी औषध विकणं हा गुन्हा नव्हता. खोटं लेबल लावणं हा गुन्हा होता. औषधशास्त्राच्या परिभाषेत ‘एलिक्झिर’ म्हणजे अल्कोहोल असलेलं औषध, आणि या बाटलीत अल्कोहोलचा थेंबही नव्हता. म्हणून लेबल खोटं, म्हणून माल जप्त करायचा अधिकार. बाटलीवर ‘एलिक्झिर’ऐवजी नुसतं ‘द्रावण’ असं छापलं असतं, तर सरकारला एका बाटलीलाही हात लावता आला नसता. कंपनीच्या मालकाचं म्हणणं असं, की आम्ही डॉक्टरांची रास्त मागणी पुरवली, असं काही होईल हे आधी कळायला मार्ग नव्हता, तेव्हा जबाबदारी आमची नाही. कंपनीला २६ हजार १०० डॉलर दंड झाला. वॉटकिन्स यांनी आत्महत्या केली. शब्दांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला इथं थबकायला होतं. शंभर माणसं मेली आणि गुन्हा नोंदला गेला तो नाव चुकल्याचा.

लोक संतापले. २५ जून १९३८ रोजी रूझवेल्ट यांनी नव्या कायद्यावर सही केली. नवं औषध बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित आहे हे दाखवायची जबाबदारी बनवणाऱ्यावर आली. तोवर उलटं होतं, आधी विक्री आणि मग प्रेतांची मोजणी. याच प्रकरणात शिकागो विद्यापीठात प्राण्यांवर चाचण्या करून डायएथिलीन ग्लायकॉलचा विषारीपणा पडताळला गेला. त्या प्रयोगशाळेत फ्रान्सिस केल्सी नावाची एक तरुण विद्यार्थिनी काम करत होती. पुढं १९६० मध्ये हीच बाई सरकारी नोकरीत असताना थॅलिडोमाइड नावाच्या झोपेच्या औषधाला परवानगी द्यायचं नाकारत राहिली. कंपनी मागं लागली, वरिष्ठांकडं तक्रारी झाल्या, ती बधली नाही. त्या औषधानं इतर देशांत हजारो बाळं हातापायांविना जन्मली. अमेरिकेतली बहुतेक बाळं वाचली. १९३७ चा धडा एका माणसाच्या डोक्यात तरी पक्का बसला होता.

आपल्याकडं याच सुमारास काय चाललं होतं? बाजारातल्या निकस आणि भेसळीच्या औषधांची चौकशी करायला ब्रिटिश सरकारनं कर्नल रामनाथ चोप्रा यांची समिती नेमली. १९३१ मध्ये तिचा अहवाल आला आणि १९४० मध्ये औषध कायदा झाला. अनेक दुरुस्त्यांसह तोच आजही चालू आहे. म्हणजे धडा आपल्यालाही ठाऊक होता आणि कायदाही होता.

तरी १९८६ साल उजाडलं. मी तेव्हा अकरावीत होतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाची बातमी वर्तमानपत्रांत रोज पहिल्या पानावर असे. मेंदूतला किंवा डोळ्यांतला दाब उतरवण्यासाठी रोग्यांना ग्लिसरॉल, म्हणजे आपलं ग्लिसरीन, तोंडावाटे देतात. जानेवारी-फेब्रुवारीत असं ग्लिसरॉल दिलेले चौदा रुग्ण मूत्रपिंड निकामी होऊन दगावले. ग्लिसरॉलमध्ये साडेअठरा टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. पन्नास वर्षांपूर्वीचं तेच विष. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं चौकशी केली. १९८८ मध्ये त्यांचा अहवाल लोकांसमोर आला. खरेदी कशी होते, तपासणी कशी होत नाही, वरून दडपण कसं येतं, याची त्यांनी चिरफाड केली. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातलं ते एक परखड कागदपत्र आहे.

इथं एक फरक लक्षात घ्या. वॉटकिन्स यांना ते विष आहे हे माहीत नव्हतं. नंतरच्या प्रकरणांत ते विष आहे हे साऱ्या जगाला माहीत होतं. मग ते पुन्हा पुन्हा औषधात येतं कसं? कारण सोपं आहे. पातळ औषधाला ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल हे निर्धोक द्रव लागतात. ते महाग. डायएथिलीन ग्लायकॉल दिसायला अगदी तसंच, तसंच दाट, तसंच गोड, आणि स्वस्त. कुणीतरी पिंपात ते भरतं. पिंप दलालाकडून दलालाकडं जातं. २००६ मध्ये पनामात सरकारी प्रयोगशाळेत खोकल्याचं औषध बनलं आणि शंभराहून अधिक माणसं मेली. तपास करत लोक मागं गेले तेव्हा पिंपं चीनहून, मग स्पेनच्या दलालामार्फत आल्याचं कळलं. मूळ कागदांवर ‘टीडी ग्लिसरीन’ असं लिहिलं होतं. ‘टीडी’ ही चिनी शब्दाची आद्याक्षरं, अर्थ ‘बदली’. ग्लिसरीनच्या बदली दुसरं काहीतरी. वाटेत कुणीतरी ती दोन अक्षरं गाळली आणि नुसतं ‘ग्लिसरीन’ उरलं. इथंही पुन्हा घात झाला तो नावानंच.

२०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबिया या छोट्या देशात सुमारे ७० मुलं गेली. जागतिक आरोग्य संघटनेनं हरियाणात बनलेल्या सिरपांबद्दल इशारा दिला. कंपनीनं आणि आपल्या सरकारनं ते मान्य केलं नाही. त्याच वर्षी उझबेकिस्तानात मुलं गेली, तिथंही सिरप भारतातलं होतं. इंडोनेशियात तिथल्याच सिरपांनी दोनशेवर मुलं गेली. मग १ जून २०२३ पासून आपल्याकडं नियम झाला. परदेशी पाठवायचं खोकल्याचं औषध आधी सरकारी प्रयोगशाळेत तपासायचं. चांगला नियम. देशात विकायच्या बाटलीला मात्र ही अट नव्हती.

आणि २०२५ चा सप्टेंबर आला. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात सर्दी-खोकल्याचं औषध घेतलेली लहान मुलं लघवी बंद होऊन आजारी पडू लागली. छिंदवाड्याला मोठा दवाखाना म्हणजे नागपूर. अनेक मुलांना तिथं आणलं, काहींनी तिथंच प्राण सोडला. वीसहून अधिक मुलं गेली. तामिळनाडूत बनलेल्या ‘कोल्ड्रिफ’ सिरपच्या नमुन्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. कायद्यानं चालतं ते ०.१ टक्का, म्हणजे हजारात एक भाग. इथं निम्मी बाटलीच विषाची. लेबलवर सक्रिय घटक छापले होते, पॅरासिटामॉल, फिनाइलएफ्रिन, क्लोरफेनिरामिन. नवरदेव पुन्हा निर्दोष. आणि ज्या द्रवानं मारलं त्याचं नाव लेबलवर कुठंच नव्हतं. अल्-शैझरीच्या मुहतसिबानं जे पाहायचं, पिंप उघडून आत काय आहे ते तपासायचं, तेवढंच झालं नव्हतं. ते काम कारखान्याचं आहे आणि त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या सरकारचं आहे. त्याचा बोजा आईबापांच्या डोक्यावर टाकून मोकळं होता येणार नाही.

मग आपण घरात काहीच करायचं नाही का? करण्यासारखं बरंच आहे.

पहिलं, औषधाला त्याच्या खऱ्या नावानं ओळखायला शिकायचं. मोठ्या अक्षरांत असतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव. त्याच्याजवळ किंवा मागं सक्रिय घटकाचं नाव आणि वजन असतं. आमच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांच्या पिशवीत तीन रंगांच्या तीन पट्ट्या होत्या. एक तापावर, एक सर्दीवर, एक अंगदुखीवर. तिन्हींमध्ये पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला दिवसाकाठी चार ग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा. तिच्यापलीकडं ते यकृताला इजा करतं. यकृताचा आजार असेल किंवा दारूची सवय असेल तर मर्यादा आणखी खाली येते. तीन औषधं घेतोय असं चाचांना वाटत होतं, घेत होते एकच, तिप्पट. डॉक्टरांकडं जाताना सगळ्या पट्ट्या पिशवीतून न्याव्यात, हे त्यावर साधं उत्तर.

दुसरं, मुलांची मात्रा वजनावर ठरते, अंदाजावर नाही. घरातला चमचा लहान-मोठा असतो. बाटलीबरोबर येणारं मापच वापरावं. पॅरासिटामॉलचे थेंब साधारणपणे एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतात, तर सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. थेंबांची बाटली सिरप समजून चमच्यानं पाजली तर दुप्पट-चौपट औषध पोटात जातं. बाटलीवरची ती एक बारीक ओळ वाचणं म्हणूनच महत्त्वाचं. आणि इथं माझी जुनी तक्रार आहे. ती ओळ बहुतेक वेळा इंग्रजीत असते, मुंगीएवढ्या अक्षरांत. ज्या भाषेत आई बाळाला औषध पी म्हणून चुचकारते, त्या भाषेत बाटलीवर चार शब्द छापायला काय हरकत आहे? तोवर दुकानदाराला विचारायला लाजू नये. समजावून सांगणं हे त्याचं कामच आहे.

तिसरं आणि सगळ्यांत मोठं. बाटली हवीच का? लहान मुलांचा सर्दी-खोकला बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पुन्हा बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. कोमट पाणी, वाफ नव्हे तर पुरेशी विश्रांती, अंगावरचं दूध, वर्षाच्या पुढच्या मुलाला चमचाभर मध, एवढ्यानं बरंच भागतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध देऊ नये. मूल धापा टाकत असेल, पीत नसेल, मलूल पडलं असेल तर घरगुती उपाय करत बसू नये. आणि कुठलंही पातळ औषध सुरू असताना मुलाची लघवी कमी झाली, उलट्या सुरू झाल्या, तर तो डोस थांबवून लगेच मोठ्या दवाखान्यात न्यावं. बाटली बरोबर न्यावी, फेकू नये. औषधानं अपाय झाल्याची शंका आली तर केंद्र सरकारच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कुणालाही कळवता येतं.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. दुकानातून औषध घेतलं की बिल मागून घ्या. त्यावर बॅच क्रमांक आहे ना ते बघा आणि औषध संपून काही दिवस होईपर्यंत ते बिल जपून ठेवा. पाच-दहा रुपयांच्या औषधाला बिल कशाला, असं दुकानदार म्हणतो, आपणही म्हणतो. १९३७ मध्ये ते २३४ गॅलन विष परत मिळालं, ते वह्यांमधल्या नोंदी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या हाती होत्या म्हणून. ज्या बाटल्यांचा माग सापडला, त्या घरांतली माणसं वाचली.